बिनलोळीची आंघोळ

आमची मुलगी जन्मली तेव्हा तिला बघायला आलेल्या पहिल्या चार बायकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या कानांच्या कडा पाहिल्या. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा रंग खरा नसतो, पुढे तो बदलतो, आणि कसा बदलणार ते कानाच्या वरच्या कडेवर आधीच लिहिलेलं असतं, असं आमच्या रत्नागिरीत मानतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, पण पुरावा वाचायची ही पद्धत मला नवी होती. चौघींनी आळीपाळीने कान उलटवून पाहिले, एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यातली सगळ्यात वडीलधारी माझ्या बायकोच्या हातावर थोपटत म्हणाली, "उजळेल हो. मनाला लावून घेऊ नको."

बायकोने काही मनाला लावून घेतलं नव्हतं. सिझेरियन होऊन सहा तास झाले होते आणि तिला फक्त घोटभर पाणी हवं होतं.

"केशराचं दूध घेत नव्हतीस का गो?" दुसरीने विचारलं.

"घेत होते. संपूर्ण डबी संपवली."

"मग?"

या "मग?"ला शास्त्रात उत्तर नाही.

मुलगी तीन आठवडे आधी आली होती. वजन दोन किलो शंभर. कपाळावर, खांद्यांवर आणि पाठीवर काळी मऊ लव. रंग वाळत घातलेल्या कोकमाच्या सालीचा, त्यातही दुसऱ्या दिवसाच्या. तळपायांची आणि मनगटांची कातडी पापुद्र्यांनी सुटत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटू दे, आपोआप जाईल, ओढू नका. मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या घराण्यात आपोआप काही जाऊ देण्याची परंपरा नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बायकोच्या माहेरी पालीला तिचे वडील एकटेच. आई जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा दवाखान्यातून सुटल्यावरचं बाळंतपण आमच्या मांडवीच्या घरी झालं आणि त्याची सूत्रं माझ्या आईकडे आली. आईने आठवा महिना लागताच न्हाऊ घालणारी बाई ठरवून टाकली होती. तिला सगळे काकी म्हणतात. मीही. मी जन्मलो तेव्हा माझ्या आईला आणि मला न्हाऊ घालणारीही हीच. म्हणजे ती वयाने सत्तरच्या आसपास असणार, पण हे तिला कुणी विचारलेलं नाही.

काकी पाटावर बसून पाय लांब करायची, पोटऱ्यांवर मुलीला ठेवायची आणि खोबरेल चोळायला लागायची. तिचे हात बघण्यासारखे होते. जाड, खरखरीत बोटं, पण मुलीच्या अंगावर आली की त्यांचं वजन जायचं. नंतर लोळी. डाळीचं पीठ, हळद आणि दूध एकत्र मळून केलेला लिंबाएवढा गोळा. तो कपाळावर, पाठीवर, दंडांवर फिरवायचा, म्हणजे लव त्याला चिकटून निघते आणि कांती उजळते. मग कढत पाणी, मग शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप टाकून धुरी, मग मानेत, काखेत, जांघेत पावडरीचा थर. सगळं आटोपलं की मुलगी रडून रडून दमलेली असायची आणि लगेच झोपायची. ही झोप आंघोळीच्या गुणाची म्हणून सांगितली जायची. मला ती वेगळ्या कारणाची वाटत होती, पण तेव्हा मी बोललो नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं मत म्हणजे मधे आलेलं फर्निचर. लोक वळसा घालून जातात.

घरी आल्याच्या नवव्या दिवशी मुलगी दूध पिता पिता ओरडायला लागली. बायकोने तिची हनुवटी वर केली आणि मला हाक मारली. मानेला तीन घड्या होत्या. मधली घडी आतून लालभडक, कातडी फाटलेली, ओली. वास येत होता. पाठीवर आणि कपाळावर, जिथे जिथे लोळी फिरली होती तिथे, बारीक लाल पुरळ.

"घामोळं आहे," आई म्हणाली. "ऑक्टोबरचा उकाडा. पावडर लावते."

"नको," बायको म्हणाली. इतक्या दिवसांत तिने आईला नको म्हटलं ते पहिल्यांदा.

आम्ही रिक्षा करून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन बोटांनी ती घडी उघडली, कापसाच्या बोळ्याने आतलं काही काढलं आणि बोळा माझ्यासमोर धरला. पिवळट, चिकट.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पीठ. त्यात तोंडातून ओघळलेलं दूध, घाम आणि वर पावडर. घरात इडलीचं पीठ आंबायला किती वेळ लागतो?"

"या दिवसांत पाच-सहा तास."

"हे नऊ दिवसांचं आहे."

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पीठ बंद, साबण बंद, पावडर बंद, धुरी बंद. लव दोन-चार महिन्यांत आपली आपण गळते, ती काढणं हे काम नाही. कोमट पाणी, पाच मिनिटं, घासायचं नाही, मऊ कापडाने टिपून घ्यायचं, आणि घडीत त्यांनी दिलेलं मलम लावायचं. "एवढ्या लहान बाळाची कातडी म्हणजे तिचा दरवाजा आहे," त्या म्हणाल्या. "तो तुटला की जंतू थेट रक्तात. ताप आला, पू दिसला किंवा दूध पिईनाशी झाली, तर तसेच उठून या. नाहीतर तीन दिवसांनी दाखवा. बरं नसेल तर ॲडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागेल."

दोन किलो शंभरच्या हाताची शीर कुठे असते ते मी परतीच्या रिक्षात शोधत होतो. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आली. आईने चाचरत चाचरत सांगितलं. काकीने डोईवरचा पदर नीट केला.

"लोली नाय, धुरी नाय, पावडर नाय. मग मी कशाला हवी? नलाखाली धरा न् घ्या इसलून."

"काकी, मान चिघळलीय हो तिची," मी म्हणालो.

"अर्धी मांडवी माझ्या पायावरनं उठून गेलीय. तुझ्या नरड्याची घडीपन मीच पुसलेय. चिघलली होती काय?"

मला आठवत नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. ती गेली.

आता प्रश्न असा की आंघोळ घालणार कोण. बायकोला टाके, तिला वाकता येत नव्हतं. आईचे गुडघे पाटावर बसण्याच्या पलीकडे गेलेले, आणि गुडघे ठीक असते तरी ती बसली नसती. "माझ्या नातीला नुसत्या पाण्याने? तिला काही दर्जा आहे की नाही?" मुंबईहून भेट आलेला प्लास्टिकचा टब होता, त्यात मुलगी साबणाच्या वडीसारखी घसरत होती. उरलो मी.

"तू?" आई म्हणाली.

"मी."

"बापाने मुलगी न्हाऊ घालायची? कुणी बघितलं तर?"

"बघितलं तर शिकतील."

आईने उठून न्हाणीघराची खिडकी लावून घेतली. ही खिडकी शेजाऱ्यांच्या विहिरीकडे उघडते आणि सकाळी तिथे माणसं असतात. मी ती पुन्हा उघडली. आतल्या दिव्यात मान दिसत नव्हती हे खरं कारण होतं. पण कारण नसतं तरी उघडली असती.

एक अडचण राहिली होती. मी अर्धी चड्डी घालून पाटावर बसलो, पाय लांब केले, तेव्हा बायको दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती.

"या काथ्यावर ठेवणार तिला?"

माझे पाय केसाळ आहेत. डॉक्टरीणबाईंनी घासायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मी तिला नैसर्गिक घासणीवर आडवं करायला निघालो होतो. त्यावर टॉवेल टाकला तर तो भिजून घसरत होता. शेवटी मी दाढीचं सामान आणलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय भादरले. बायको टाके धरून हसली. हसू नको, दुखतंय, असं स्वतःलाच सांगत हसली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. त्या दिवशी भांडी मात्र नेहमीपेक्षा मोठ्याने घासली गेली.

माझे पाय जगजाहीर व्हायला दोन दिवस लागले. मांडवीत सकाळी मासे घ्यायला मी अर्ध्या चड्डीतच जातो. तिथे कॉलेजातले एक सहकारी भेटले. ते व्यायामाचे भोक्ते. त्यांनी माझ्या गुळगुळीत पोटऱ्यांकडे आदराने पाहिलं.

"सायकलिंग सुरू केलंत वाटतं? ते लोक करतात असं. हवेचा अडथळा कमी होतो."

"नाही. मुलीला न्हाऊ घालतो."

त्यांनी सौंदाळ्याचा भाव विचारायला तोंड फिरवलं. मासेवाली मात्र पाटीवरून हात न उचलता म्हणाली, "बरा केलास भावा. माजा घोव तर पोरीला हातात पन घ्यायचा नाय, म्हनायचा पडंल." हा मला मिळालेला पहिला जाहीर पाठिंबा.

तीन दिवस मी रोज सकाळी पाच मिनिटं आंघोळ घातली. कोपराने पाणी तपासलं, घासलं नाही, टिपलं, मलम लावलं. पाठीवरची पुरळ बसायला लागली. मुलगी आंघोळीत रडेनाशी झाली. डोळे उघडे ठेवून छताकडे बघायची. मी फार खूश होतो. इतका खूश, की परंपरा, तिचे ठेकेदार आणि त्यांचं पीठ यावर मी बायकोला एक छोटं व्याख्यानही दिलं. ती म्हणाली, "मान बघितलीस का?"

मी रोज बघत होतो. म्हणजे जेवढी दिसत होती तेवढी.

डॉक्टरीणबाईंनी घडी उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. जखम आधीपेक्षा लांब झाली होती. "ही उघडत होतात का तुम्ही?"

"तुम्ही घासू नका म्हणाला होतात."

"घासू नका म्हटलं. हात लावू नका कधी म्हटलं?"

तर चूक माझी होती, आणि ती शिकलेल्या माणसाची चूक होती. मी सांगितलेलं अक्षरशः पाळलं होतं. ती फाटलेली कातडी आणखी फाटेल या भीतीने मी वरवर पाणी सोडत होतो, वरवर टिपत होतो, मलम घडीच्या काठावर लावत होतो. आत दूध साचतच होतं. नऊ दिवस पीठ आंबलं, पुढचे तीन दिवस माझा शहाणपणा.

"उद्या आणि परवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परवा संध्याकाळी सुधारणा दिसली नाही तर ॲडमिट." त्यांनी मला घडी उघडून दाखवली, पण त्यांनी ती दोन बोटांनी क्षणात उघडली आणि मुलगी किंचाळली. घरी मी तसं करून पाहिलं. तिने हनुवटी छातीत इतकी घट्ट रुतवली की माझं बोट आत जाईना. जोर लावायची माझी हिंमत झाली नाही. बायकोने करून पाहिलं. तिचीही झाली नाही. आई लांबून बघत होती. टोमणा मारण्याची इतकी सोन्यासारखी संधी तिने सोडली, त्यावरून मला कळलं की तीही घाबरली आहे.

मी चप्पल घातली आणि मागच्या आळीत काकीकडे गेलो.

ती ओटीवर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. मी उभाच राहिलो.

"काय रे? पुस्तकातली आंगूल झाली?"

"झाली. मानेची घडी उघडता येत नाही मला."

"मग?"

"दाखवा."

"लोली लावनार?"

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. बराच वेळ. "पाय कोनी भादरलान तुजे?"

"मीच."

"पोरीसाठी?"

"हो."

"येडा हायस," ती म्हणाली, आणि सुकटीचं सूप आत नेऊन ठेवून हात धुवायला लागली.

आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ती बसली, पण मुलीला हात लावला नाही. लोळीशिवाय ती कुठल्याही पोराला हात लावणार नव्हती. तेवढा तिचा शब्द तिने पाळला. मला पाटावर बसवलं आणि तोंडाने सुरू झाली.

"डोका तुज्या पावलांकडं. हां. आता डावा हात खांद्याखाली घाल. मानंखाली नाय रे, खांद्याखाली! अर्धा बोट उचल. उचललास? आता गप ऱ्हा."

मुलीचं डोकं आपल्याच वजनाने हळूच मागे झुकलं, हनुवटी वर आली आणि ती घडी, जिच्यात माझं बोट जात नव्हतं ती, पुस्तकाच्या पानासारखी उघडली. मुलगी रडली नाही.

"आता पानी सोड. वरनं नको, बाजूनं. बोटाला फडका गुंडाल. करंगलीला रे, आंगठा कुठं घालतोस? मासा साफ करतोयस काय? नुसता ठेव. ठेव न् काढ. ठेव न् काढ. आता सुकू दे."

"किती वेळ?"

"सुकेपर्यंत! कसला मास्तर रे तू. वारा घाल."

हाताशी काही नव्हतं. बायकोने बाहेरून माझ्या पिशवीतला एक कागद आणून दिला. कॉलेजचं परिपत्रक होतं, प्राध्यापकांनी समारंभाच्या दिवशी कोणत्या रंगाचे कपडे घालावेत याबद्दल. मी त्याने माझ्या मुलीच्या मानेला वारा घातला. माझ्या नोकरीतल्या सतरा वर्षांत एखादं परिपत्रक कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दूध पाजलास की दर खेपेला," काकी माझ्या बायकोला उठता उठता म्हणाली. "रातचा पन. दुधाचा वघल तिथंच जाते." मग माझ्याकडे वळून, "न् लोली नाय ती नायच?"

"नाही, काकी."

"काली ऱ्हाईल."

"राहू दे."

ती पुटपुटत गेली. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, लोळीवर माझा बसला नव्हता, आणि मानेची घडी उघडली होती. या तिन्ही गोष्टी एकाच न्हाणीघरात मावल्या.

दोन दिवस, दिवसरात्र, प्रत्येक पाजण्यानंतर आम्ही तेच केलं. खांदा, अर्धं बोट, फडकं, परिपत्रक, मलम. दुसऱ्या रात्री आईने माझ्या हातातलं परिपत्रक काढून घेतलं आणि स्वतः वारा घालायला लागली. परवाची संध्याकाळ आली. डॉक्टरीणबाईंनी घडी उघडली. आत ओलं नव्हतं. कडेने गुलाबी नवी कातडी धरायला लागली होती. "घरी जा," त्या म्हणाल्या. एवढंच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको, टाके असलेली, मला आधार देत होती.

बारसं ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा झालं. पुण्याहून माझी आत्या आली. माझी आत्या समारंभांची माणूस आहे; घरात नारळ फोडायचा असला तरी तिला पाहुणे लागतात. तिने येताना जरीकाठाची कुंची आणली होती, जिचा बंद नेमका मानेवर येत होता, आणि सोनेरी अक्षरांच्या खोक्यातलं उटणं. फोटोग्राफरही तिनेच बोलावला होता.

"दोन हात उटणं फिरवा गं सकाळी. फोटोत बरं दिसतं."

"नाही आत्या," मी म्हणालो.

"अरे, नैसर्गिक आहे ते!"

"घामोळंही नैसर्गिकच असतं."

"आणि कुंची?"

"जर टोचते. मान आत्ताच भरलीय तिची."

मुलगी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती झबल्यात पाळण्यात झोपली. गळा उघडा. हॉलमधल्या सगळ्या जरीत ती एकटीच आरामात होती. बायका वाकून बघत होत्या, कान बघत होत्या. आत्याही वाकली आणि खालच्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रंग काही उजळला नाही रे."

फोटोग्राफरने ते ऐकलं. तो तत्पर मुलगा. "काही टेन्शन नाही मॅडम, अल्बममध्ये दोन शेड लाइट करून देतो. सगळेच करून घेतात."

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पाळण्यापाशी गेली, नातीच्या खांद्याखाली डावा हात घातला आणि अर्धं बोट उचललं. डोकं मागे झुकलं. हनुवटी वर आली.

"इकडे या," ती फोटोग्राफरला म्हणाली. "याचा काढा."

"कशाचा, आजी?"

"या घडीचा. जवळून. आणि खबरदार शेड बदललीत तर. आहे तस्सा हवाय."

तो गोंधळला, पण त्याने काढला. आत्या म्हणाली, "वहिनी, अहो बारशात मानेचा फोटो? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," आई म्हणाली. नातीच्या खांद्याखालचा हात काढायला ती मुळीच तयार नव्हती. "अजून एक काढा हो. जरा उजेडाकडून."